दोन पट्ट्या, चार स्क्रू

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायला घेतलं आहे. हौस म्हणून नाही. उद्या प्रकरण वाढलंच तर कोण काय बोललं, कोणी काय केलं, याची नोंद घरातल्या एका तरी शहाण्या माणसाकडे असावी. आमच्या घरात तो माणूस मीच आहे.

आधी परिस्थिती सांगतो. वडिलांचा फोटो स्टुडिओ. त्यांच्यामागे तो दादाचा आणि माझा. वर्ष झालं, आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही आणि दुकान पाळ्यांनी चालवतो. सकाळ माझी, दुपारनंतर त्याची. एकला मी वर घरी जातो, दोनला तो खाली येतो. मधला तास दुकान बंद, म्हणजे तोंड बघायला नको. दुकानाच्या वर मी राहतो, माझ्या डोक्यावर दादा राहतो. हे तो मी जन्मल्यापासूनच करत आला आहे.

वाटणी चोख झाली. कॅमेरे एकेक, दिवे दोन-दोन. पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइकाला घालायला ठेवलेला कोट त्याच्याकडे गेला, टाय माझ्याकडे आला. त्यामुळे सकाळचं गिऱ्हाईक टाय लावून पण कोटाशिवाय निघतं आणि संध्याकाळचं कोट घालून उघड्या गळ्यानं. गावात म्हणे फोटो बघून माणूस कुठल्या पाळीचा ते ओळखतात.

कॉम्प्युटर मात्र एकच. वडिलांनी घेतलेला, आता म्हातारा झालेला. त्याचे दोन तुकडे कसे करणार? पण दादाच तो. त्याने सीपीयूचं झाकण उघडून वहिनींमार्फत निरोप पाठवला की आत रॅमच्या पट्ट्या दोन आहेत, सारख्याच, दोन-दोन जीबीच्या. एक तुझी, एक माझी, पाळी संपली की आपापली काढून न्यावी. झाकणाचे स्क्रूही चार निघाले, तेही दोन-दोन वाटून घेतले. तेव्हापासून झाकण नुसतं टेकवलेलं असतं आणि रस्त्यावरून ट्रक गेला की वाजतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

दादाने आपली पट्टी बदलून चार जीबीची आणली आहे. मला हे एका गिऱ्हाइकाकडून कळलं. "संध्याकाळी कसं झटक्यात होतं हो तुमच्याकडे," असं ती बाई मला तोंडावर म्हणाली. तिच्या बाळाचा फोटो उघडायला माझ्याकडे जरा वेळ लागत होता, एवढंच. निघताना म्हणाली, "उघडेपर्यंत ह्याला मिशा फुटतील."

मी ती पट्टी आणणार नाही. दादाने केलं म्हणून मी करायचं, हे लहानपणीच बंद केलंय.

दुरुस्तीवाल्याला मात्र सहज विचारलं. त्याला सगळे बघूभाऊ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो आधी "बघू" म्हणतो. मी म्हटलं, "समजा, नुसतं समजा, एकाच मशीनमध्ये एक पट्टी दोनची आणि एक चारची बसवली, तर जळेल ना?"

"बघू," तो म्हणाला. मग म्हणाला, "जळायचं काय त्यात? चालतं. रॅम म्हणजे कामाचं टेबल. एक लहान, एक मोठं, शेजारी शेजारी लावलं की पसारा जास्त मावतो. एक पट्टी जरा सावकाश असेल तर दुसरी तिच्या चालीनं चालते, इतकंच."

म्हणजे मंदाच्या चालीनं दुसऱ्यानं चालायचं. बघितलंत? मी आयुष्यभर तेच केलं. आता नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण कशावरून झालं ते लिहायचं राहिलं. पुढे कोणी वाचलं तर त्याला न्याय करता यावा.

दादाचा हात फोटो साफ करण्यात वाकबगार. एका लग्नाच्या फोटोत त्याने नवरीच्या हनुवटीवरचा तीळ डाग समजून पुसून टाकला. एका फोटोतला नाही, सगळ्या अल्बममधला. नवऱ्याकडचे लोक आले आणि म्हणाले, ही आमची सून नव्हेच. तेव्हा भरल्या दुकानात मी म्हणालो की माझा हात त्यात नाही, हे ह्यांचं काम, ह्यांना आता दिसतही नाही. यात खोटं काय होतं? त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाच आहे. दादा आतल्या खोलीत गेला आणि तेव्हापासून बोललेला नाही.

एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात. आम्हा दोघांना अख्खा तीळ पुरला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाळ्यांनी भागत नाही. दुकानात मधोमध भिंत घालायची. कल्पना माझी; दादाने वहिनींमार्फत "माझी हरकत नाही" कळवलं. त्याची हरकत नसावी याचा मला राग का आला, कळत नाही.

सुतार येऊन माप घेऊन गेला. प्लायवूडची भिंत, दारापासून मागच्या मोरीपर्यंत. २ मार्चला काम सुरू करतो म्हणाला. माप घेताना टेप बरोबर कॉम्प्युटरच्या टेबलावरून गेली. "हे कुणाच्या बाजूला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते नंतर ठरेल. मग मी माझ्या निम्म्या दुकानात कॅमेरा घेऊन उभा राहिलो. पाठ भिंतीला टेकवून पाहिली. एका माणसाचा फोटो येईल. नवरा-बायकोला एकामागे एक उभं राहावं लागेल.

घरी हिला भिंतीचं सांगितलं. ही म्हणाली, "मग दुपारी आम्ही कुठे बसायचं?"

मी म्हटलं, "घरी बस की. आणि आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि केरसुणी," ही म्हणाली आणि आत गेली. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी काढायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. कंबरेत उसण. मला त्या अवस्थेत वर नेताना जिन्यात दादा समोरून उतरत होता. त्याने भिंतीला चिकटून वाट दिली. बोलला नाही. मीही नाही, पण माझं तोंड जमिनीकडे होतं, त्यामुळे माझं न बोलणं वाया गेलं.

ही म्हणाली, "अहो, नाहीतरी सकाळी झाडायला मीच उतरते. तेव्हा तुमची पट्टी लावत जाईन, दुपारी काढत जाईन. त्यात काय मोठं?"

मी तिला नीट समजावलं. खाचेवर खाच येईल अशी धरायची, दोन्ही टोकांना सारखं दाबायचं, टक् आवाज आला पाहिजे. माझ्या पट्टीवर हिरवी चिकटपट्टी लावली आहे, कारण दादाच्या पट्टीला वहिनींनी नखाला लावायचा लाल रंग लावून ठेवलाय. हिनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. ही इतकं कधी ऐकत नाही.

कळलं की दादाच्या पट्टीचंही आता वहिनीच बघतात. त्याला खाच दिसत नाही. माझं म्हणणं खरं ठरलं, पण मजा आली नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही जावांचं मात्र बरं आहे, आमच्या भांडणात पडत नाहीत. एकमेकींशी फारसं बोलतानाही दिसत नाहीत. दुकानाच्या मोरीत आज दोन कप धुऊन पालथे घातलेले दिसले. हिचा चहा वाढलाय. बोललं पाहिजे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहावा असा.

काल दुपारी मी माझी पट्टी हिच्याकडून मागून घेतली आणि पट्टीच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. साधं शाळेतलं खोडरबर, पांढरं. बघूभाऊनं कधीतरी सांगितलं होतं की दातांवर मळ बसतो. आज सकाळी हिनं ती लावली, मी कॉम्प्युटर सुरू केला, आणि काळ्या पडद्यावर सुरुवातीला जो आकडा येतो तो बघून डोळे चोळले. रोज २०४८ असतो, म्हणजे दोन जीबी. आज ६१४४!

तिप्पट. नुसत्या खोडरबरानं.

फोटो असे उघडायला लागले की गिऱ्हाईक बसायच्या आत उठायला लागलं. मी लगेच बघूभाऊला बोलावलं. त्यानं आकडा पाहिला, सीपीयूकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. ही तेव्हा झाडत होती, फार मन लावून झाडत होती.

"खोडरबर?" तो म्हणाला.

"पांढरं," मी म्हटलं.

"बघू," म्हणाला आणि खोकत बाहेर गेला. त्याला आतून लागलं असणार. इतकी वर्षं याच धंद्यात, पण सुचलं मला.

दादाला हे कळू द्यायचं नाही. वापरू दे त्याला त्याचे चार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलंय आणि अजून आम्हाला बाकावर उभं करतील अशा बघतात. शाळेचा पन्नासावा वर्धापनदिन. सगळी शाळा मैदानावर ओळीत, एकच लांबलचक फोटो, सहा फुटी. पंचवीस वर्षं झाली तेव्हा वडिलांनी काढला होता, तसाच हवा. एका फोटोत मैदान मावत नाही. तुकडे तुकडे काढून ते सांधावे लागतात, सांधा दिसता कामा नये.

मी म्हटलं, "माझ्याकडून काढून घ्यायचा की दादाकडून, ते आधी ठरवा."

बाई म्हणाल्या, "मी स्टुडिओला सांगतेय. काल संध्याकाळी त्याला सांगितलं, आज तुला. नाही जमत म्हणालात तर चौकात ते काचेचं नवीन दुकान झालंय, तिथे जाईन. आणि त्या दिवशी तुमच्या वडिलांचं नाव मी घेणार नाही."

निघताना त्यांची हनुवटी वर झाली आणि मला दिसलं. हनुवटीवर तीळ. चांगला ठसठशीत. शाळेत असताना आम्ही त्यालाच घाबरायचो. मी घाईघाईनं विचारलं, "बाई, फोटोत तो... तीळ ठेवायचा ना?"

बाईंनी माझ्याकडे विचित्र बघितलं. "तो काय काढून ठेवायची वस्तू आहे?" म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फोटो काढले. सकाळ असल्यामुळे मीच. डावीकडून उजवीकडे, कॅमेरा तिकाटण्यावर वळवत. दादा मैदानाच्या कडेला उभा होता, जणू काही सहज. एका तुकड्याच्या वेळी उन्हानं सगळी पोरं डोळे मिटायला लागली, तेव्हा त्यानं लांबून हातातला कोट झटकला. पोरांनी तिकडे बघितलं, डोळे उघडले, मी बटण दाबलं. वडील हेच करायचे. तो कोट घडी करून निघून गेला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांधायचं काम सुरू. सकाळी मी करतो, संध्याकाळी दादा त्याच फायलीवर बसतो. काल मी आभाळ उजळ केलं होतं, आज आलो तर गडद. मी परत उजळ केलं. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या मधे एका मुलाला तीन हात आले होते ते मी मुद्दाम दादासाठी ठेवून दिले. त्याचं काय ते तो बघेल.

काल मीही त्याच्या सांध्यात जरा सुधारणा केली. असंच राहिलं तर तो फोटो आणि आम्ही, तिघंही म्हातारे होऊ.

मशीन मात्र वाघ झालंय. सहा फुटी फोटो असा सरकतो! दादा त्या चार जीबीवर कसा करत असेल देव जाणे. आज हिला म्हटलं, "बिचारा घाम गाळत असेल."

ही म्हणाली, "नाही, ते पंखा घेऊन बसतात."

"तुला काय माहीत?"

"पंख्याचा आवाज येतो वर," ही म्हणाली. खालच्या दुकानातल्या टेबलफॅनचा आवाज घरात येतो. कान तीक्ष्ण आहेत हिचे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज आलो तर मुलाचे हात दोनच. सांधा शोधला, सापडला नाही. मोठं करून बघितलं, आणखी मोठं केलं. कौलांची रेघ न् रेघ जुळलेली. आभाळ उजळही नाही आणि गडदही नाही, मधलं, आणि खरं सांगायचं तर तसंच असायला हवं होतं.

मग मधल्या ओळीत बाईंवर आलो. हनुवटी सोडून बाकीचं आधी बघितलं. त्या तुकड्यात त्यांच्या पदरावर माशी बसल्याचा ठिपका होता तो गेला होता. गालावर धूळ होती ती गेली होती. तीळ होता. जागच्या जागी, जसाच्या तसा.

विसरला असेल.

बराच वेळ मी दुसरं काही केलं नाही. एक शाळकरी मुलगी फोटोला आली होती ती म्हणाली, "काका, रडताय?" मी म्हटलं, पडद्याचा उजेड लागतो.

सुताराचा निरोप आला. प्लायवूड कापून तयार आहे, सोमवारी नक्की.

२८ फेब्रुवारी, शनिवार

किती लिहू आणि कसं लिहू.

आज दुपारी बाई फोटो बघायला येणार, आणि ही सकाळीच कुठल्याशा लग्नाला निघाली. योगायोग असा की वहिनीही आजच एका लग्नाला गेल्या. दोघी एकाच रिक्षात बसताना दिसल्या. लग्न एकाच बाजूला असावं. मी वरून ओरडून विचारलं, "माझी पट्टी कुठे ठेवलीस?"

"नेहमीच्या जागी!" ही म्हणाली आणि रिक्षा गेली.

नेहमीची जागा कोणती? खण बघितला, चष्म्याचं घर बघितलं, चहाची बरणी बघितली. शेवटी कंबर धरून खाली बसलो आणि सीपीयूचं झाकण बाजूला केलं.

आत दोन्ही पट्ट्या होत्या. हिरवी आणि तिच्या शेजारी लाल. दोघींवर सारखी धूळ. म्हणजे बसवल्यापासून कुणी त्यांना हातही लावलेला नव्हता.

चार आणि दोन सहा. हे गणित मला शाळेत याच बाईंनी शिकवलं होतं.

आधी संताप आला. मग दादाची वस्तू मी न विचारता वापरत होतो, याची लाज वाटली. मी लाल पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि मशीन सुरू केलं. २०४८. लांबलचक फोटो उघडायला सांगितला. डावीकडची बालवाडी आली आणि मशीन तिथेच बसलं. बालवाडीच्या पुढे शाळा सरकेना. मी पट्टी काढून खोडरबरानं घासली. परत घासली. हिरवी चिकटपट्टी निघून हातात आली. आकडा तोच.

तेवढ्यात दार वाजलं. दादा. पाळी नसताना. हातात टेबलफॅन.

"माझी पट्टी?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळेना, कारण दुकानात मी एकटाच होतो आणि माझ्याशी तो बोलत नाही. मी सीपीयूला सांगितलं, "टेबलावर आहे."

"ही म्हणाली, नेहमीच्या जागी आहे. घरभर शोधली." मग त्याला पडद्यावरचा आकडा दिसला असावा, कारण तो पडद्याला नाक लावून म्हणाला, "अरे, हे काय? काल सहा हजार होते!"

"ते माझ्या खोडरबरानं."

"कसलं खोडरबर? मी पंधरा दिवस पंखा लावून बसतोय. मशीन थंड राहिलं की जोर करतं."

"पंख्यानं रॅम वाढते? कुठल्या शाळेत शिकलास?"

"तुझ्याच. तुझ्यापुढे तीन वर्षं. आणि खोडरबरानं फक्त अक्कल पुसली जाते!"

आम्ही वर्षभराचं बोललो. मी खोडरबराच्या बाजूनं, तो पंख्याच्या बाजूनं. आवाज इतका चढला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. मध्येच मी झाकणाकडे बोट करून म्हणालो की दोन्ही पट्ट्या आत होत्या, शेजारी शेजारी, धूळ बसलेल्या. दादानं चष्मा काढला, पुसला, घातला.

"बायका," तो म्हणाला.

"लग्नाला गेल्यात."

"कुणाच्या?"

ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मग तो हसायला लागला. दादा हसला की खांदे हलतात, आवाज येत नाही, वडिलांचं तसंच होतं. मला एकदम कळलं की मला त्याची आठवण येत होती. वर्षभर डोक्यावर राहणाऱ्या, रोज जिन्यात दिसणाऱ्या माणसाची आठवण येते हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "दादा, भरल्या दुकानात मी तसं बोलायला नको होतं."

"खरं होतं ते. दिसत नाही मला," तो म्हणाला. "पण तू बोललास, ते लागलं."

"बाईंचा तीळ मात्र ठेवलास."

"विचारून ठेवला. आल्या त्याच संध्याकाळी विचारलं. तुला सांगतो, असं बघितलं त्यांनी माझ्याकडे! आणि पुढच्या खेपेला म्हणतात कशा, तुम्हा दोघा भावांचं माझ्या तिळाशी काय वैर आहे?"

मशीन बंद केलं. त्याला खाच दिसेना आणि मला वाकवेना. शेवटी तो खाली बसला आणि मी बॅटरी धरून वरून सांगत राहिलो: जरा डावीकडे, उलटी धरलीस, आता दाब. टक्. मग दुसरी. टक्. आकडा आला, फोटो उघडला, बालवाडीपासून शिपाईमामांपर्यंत अख्खी शाळा सरकत गेली.

बाई आल्या. चष्मा लावून फोटोवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, मग परत उलट्या चालल्या. "यात तू कुठे काम केलंस आणि त्यानं कुठे?" त्यांनी विचारलं. आम्हाला दाखवता येईना.

संध्याकाळी दोघी परत आल्या. मी हिला विचारलं, "लग्न कसं झालं?"

"कुणाचं?" ही म्हणाली.

२ मार्च, सोमवार

सुतार प्लायवूड घेऊन हजर. त्याला नको म्हणायचं राहूनच गेलं होतं; मला वाटलं दादा सांगेल, दादाला वाटलं मी. दुकानात आम्ही दोघंही होतो. आता पाळ्या कुणाला आठवतात?

"कुठून सुरू करू?" सुतारानं विचारलं.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघितलं. आमच्या दोघी मोरीत कप धूत होत्या, त्यांचा आवाज बंद झाला.

मी म्हटलं, "माप चुकलं. उभी नकोय. आडवी हवी, सहा फुटी, पाठीला."

"कुणाच्या पाठीला?"

"शाळेच्या," दादा म्हणाला. "फोटो चिकटवायचाय तिच्यावर. एक शाळेला आणि एक आपल्याला, ह्या भिंतीवर."

मोरीत एक कप फुटला. कुणी फोडला ते विचारलं नाही.

मग दादानं शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली. तिच्यात त्याचे दोन स्क्रू. मी माझे टायच्या डबीतून आणले. झाकण लावलं, चारी कोपरे आवळले. बाहेरून ट्रक गेला. काही वाजलं नाही. एक मात्र इथे लिहून ठेवतो: आवळण्याआधी मी दोन्ही पट्ट्यांचे दात खोडरबरानं घासून घेतले, आणि दादानं त्यांच्यावर पंखा धरला. काय असेल ते असो.

पहिलं गिऱ्हाईक एक काटकुळा तरुण, नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. दादानं त्याला कोट घातला, मी टाय बांधला. कोटात तो जवळजवळ हरवलाच, आणि टाय आखूड पडला.

"काका, मापं जुळत नाहीत," तो आरशात बघून म्हणाला.

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "चालतं."